गावंडे सरांची दोरी

गावंडे सर कुठल्याही कामाला हात घालण्याआधी मोठ्यानं सांगत, "मले भेव लागून राहिलं बा." सहा फूट उंची, झुपकेदार मिशा, आवाज असा की अमरावतीच्या बसस्टँडवर हाक मारली तर बडनेऱ्यात ऐकू जावी, आणि हा माणूस कॉम्प्युटरसमोर चपला काढून उभा राहायचा. आमच्या रक्तपेढीतले सगळे कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात होते, मी त्यांचा मदतनीस. अशा भित्र्याकडून आपण काय शिकणार, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. तेव्हा माझं वय पंचवीस होतं आणि अक्कल त्याहून कमी.

रक्त आम्ही अमरावतीत घ्यायचो, त्याची तपासणी अकोल्याच्या प्रयोगशाळेत व्हायची. निकाल तिथल्या कॉम्प्युटरवर राहत आणि ते पाहूनच इकडे रक्ताची पिशवी सोडली जाई. ही दोन गावं जोडलेली होती व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटच्या गर्दीतून काढलेल्या एका कुलूपबंद वाटेनं. सॉफ्टवेअर फुकटचं, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कोड कुणीही वाचावा असं. सर त्याला भुयार म्हणत. लहानपणी अचलपूरच्या तटाजवळच्या एका भुयारात ते शिरले होते आणि अंधारात वाट चुकले होते. ती भीती त्यांच्या अंगातून गेलीच नाही.

"भुयारात जाचं असन तं दोरी बाहीर बांधून जा," हे त्यांचं वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. अकोल्याच्या मशीनमध्ये इथून काही बदलण्याआधी ते तिला बजावून ठेवत की पंधरा मिनिटांत आमच्याकडून खुशालीचा निरोप आला नाही, तर आपली आपण जुन्या अवस्थेत परत जा. ही त्यांची दोरी.

मग त्या सॉफ्टवेअरची नवी, प्रायोगिक आवृत्ती आली. वेग दुप्पट, असा सगळीकडे बोलबाला. मी हुरळून गेलो. सरांनी मात्र तिच्यासोबतची सूचना दोनदा वाचून काढली. चाचणीसाठी आहे, खऱ्या कामाला वापरू नका, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. "लिवणाराच म्हणते भेव हाय, अन् तू काहून शूर बनून राहिला?" ते म्हणाले. दोन जुन्या मशीनवर चालवून पाहायची तेवढी परवानगी दिली.

दोन आठवडे ती झकास चालली. एका रविवारी दुपारी सर घरी होते, अकोल्याची प्रयोगशाळा बंद होती. सोमवारी त्यांना चकित करू म्हणून मी ती आवृत्ती अकोल्याच्या मशीनवर चढवली. तीही भुयारातूनच, दोरी न बांधता. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणं म्हणजे काय, ते मला पुढच्याच क्षणी कळलं. वाट मेली.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून रत्नाताई धावत आल्या. पिशव्यांचं काम त्यांच्याकडे असे. "दादा, अकोल्याचं पान उघडून नाई राहिलं! बाळंतीण हाय, रक्त थांबून नाई राहिलं. ओ निगेटिव्हची एकच पिशवी हाय आपल्यापाशी, तिचा निकाल पायल्याबिगर सोडू कशी?"

अकोल्याच्या मशीनच्या खोलीची किल्ली सरांकडे होती. गाडी काढली तरी दोन तास. बाहेर बाकावर त्या बाईचा नवरा हातात चिठ्ठी धरून बसला होता. त्याच्याकडे बघवेना. सरांना फोन लावताना आकडे दिसेनात.

"दोरी बांधली व्हती का?" त्यांचा पहिला प्रश्न.

"नाही, सर."

"कशालेच हात लावू नोको. घड्याळ पाय. मी निंगालो."

मी घड्याळ पाहत बसलो. सहा मिनिटं. नऊ. रत्नाताई दारात उभ्या होत्या. जन्मात एवढा कधी भ्यालो नाही. बारा. चौदा. आणि पंधराव्या मिनिटाला अकोल्याचं पान उघडलं. निकाल चांगला होता. पिशवी गेली. बाई वाचली, हे संध्याकाळी कळलं.

ऑटोतून उतरून सर आले तेव्हा त्यांच्या शर्टाची बटणं खालीवर लागली होती. "दोरी कोणी बांधली?" मी विचारलं.

"मशीनमधीच कायमची बांधून ठेवली हाय. कोनी इसरलं तरी ते इसरत नाई."

"माझ्यासाठी?"

"तुह्यासाठी नाई रे. माह्यासाठी. मी तीनदा इसरलो." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "भेव लागलं?"

"हो, सर."

"मंग आता तू कामाचा झाला."

रागाचा एक शब्द नाही. त्या दिवशी मी त्यांच्यासमोर रडलो.

सर गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेतच. परवा पुन्हा एक नवी आवृत्ती आली. मशीनमधली सरांची दोरी जागेवर आहे का ते पाहिलं, वरून माझी एक बांधली, चपला काढल्या. तरी बोट कळेवर जाईना. खोलीत कुणी नव्हतं, तरी मी मोठ्यानं म्हणालो, "सर, मले भेव लागून राहिलं." आणि मग कळ दाबली.