दुपारची गोळी

लेक रांगायला लागली तेव्हा आम्ही दोघांनी सातपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये गुडघ्यांवर बसून घर पाहिलं. प्लगच्या भोकांना टोप्या बसवल्या, फिनेलची बाटली माळ्यावर टाकली, बाथरूममधली बादली पालथी घालायची सवय लावून घेतली. सासऱ्यांच्या गोळ्यांचं काय करायचं, ते मात्र सुचलं नाही.

बाबांना कंपवात होता. पाकिटातून गोळी काढताना हात थरथरायचा, गोळी निसटायची आणि सोफ्याखाली जायची. वाकून शोधणं त्यांना जमत नसे. मग मी झाडू घेऊन यायचे. त्यांच्या मनाला ते लागत असावं.

एकदा दुपारी मी कुकर लावत होते. हॉलमधून त्यांची हाक आली, "अगं, लवकर ये! हिनं काहीतरी तोंडात घातलंय!"

मी धावले. बोट घालून काढलं, तर अर्धवट विरघळलेली गोळी. तशीच रिक्षा करून दवाखाना गाठला. एक दिवस तिला तिथं ठेवून घेतलं. सुदैवानं काही झालं नाही. घरी आलो तर बाबा दारातच उभे होते. "बरी आहे ना?" एवढंच विचारलं आणि आत गेले.

त्यानंतर घरात एकही गोळी सांडलेली दिसेना. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "बाबा आता जपून घेतात."

पण त्यांचं चालणं बिघडत गेलं. दुपारनंतर तर पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. आजार वाढतोय, असं आम्ही धरून चाललो. मग एका संध्याकाळी ते बाथरूमच्या दारात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात दाखवायला त्यांची औषधं गोळा करताना मला कपाटात न फोडलेली पाकिटं सापडली. सकाळची आणि रात्रीची गोळी नवरा त्यांच्या तोंडात घालायचा. दुपारची ते स्वतः घेत. घेतलीच नव्हती.

"बाबा, असं का केलंत?"

दवाखान्यातल्या कॉटवर पडल्यापडल्या ते छताकडे बघत म्हणाले, "दुपारी तू एकटी असतेस. माझं बघशील की पोरीचं? घेतलीच नाही तर खाली पडणार कुठून?"

"मला हाक मारायची. मी भरवली असती."

"तेच नको होतं गं," ते म्हणाले.

ऑपरेशन झालं, पण चालणं काही परत आलं नाही. आता दुपारची गोळी मीच त्यांच्या जिभेवर ठेवते, पाणी पाजते, गिळली का ते बघते. ते तोंड उघडतात आणि डोळे गच्च मिटून घेतात.

लेक त्यांच्या कॉटची कड धरून उभी राहायला शिकली. त्यांच्याकडे बघून हसते, पांघरूण ओढते. ते भिंतीकडे तोंड फिरवतात.

"हिला बाहेर ने," म्हणतात.

मी तिला उचलते. ती रडते.