काकीचं कातडं

पिंपरी पेंढारच्या माझ्या काकीला माझ्याइतकं कुनीच वळखत न्हाई. काकीला इचारलं तर ती म्हनती, "ह्याला सोताच्या चपला वळखू येत न्हाईत, मला काय वळखतोय!"

पन राव, अशी बाई आख्ख्या जुन्नर तालुक्यात गावायची न्हाई. ऊन तापलं की तिच्या काखेत, जांघेत, मानंला कातडं चिरतं, फोड येत्यात, लई आग व्हती. तिच्या बापाला बी त्येच व्हतं. दुसरी बाई पदराखाली झाकून बसली असती. काकी मातुर शिवन टोचती म्हनून काकाचा जुना सदरा उलटा घालायची आन पंख पसरल्याल्या कोंबडीवानी हात लांब धरून गावभर फिरायची. यष्टीत शेजारच्या बाईला आपनहून सांगायची, "भिऊ नका, लागत न्हाई कुनाला. बापानं रान भावांना दिलं, कातडं मला." मी एकदा मोठ्या दिमाखात तिला कसलासा लेप आनला. तिनं आधी माझ्याच काखेला फासला. मंग मीच कोंबडीवानी फिरलो.

औंदा तिच्या लेकीचं जमत आलं. मी बजावलं, "काकी, सुपारी फुटूस्तवर कातड्याचं नाव काढू नको. सोयरीक मोडंल." लेकीपायी ती पयल्यांदा गप बसली.

त्यातच जुन्नरला बायकांची तपासनी झाली. गर्भाच्या पिशवीच्या तोंडाचा नमुना घेतला, त्यो वाईट निघाला. डॉक्टरीनबाई म्हनल्या, "कॅन्सरसारखं दिसतंय. तुकडा काढून बघावा लागेल." घरी येऊन काकीनं लेकीच्या हातात कपाटाची किल्ली दिली. "मी आसंन, नसंन," येवढंच म्हनली. मी चेष्टा कराया तोंड उघडलं, आन उलट्या चपला घालून भायेर पडलो.

तुकडा काढताना बाईंना जांघेतलं चिरल्यालं कातडं दिसलं. "हे कधीपासून?" काकी म्हनली, "भायेर पुतन्या हाय, त्येला इचारा." मला आत बोलावलं. काकी माझ्याकडं बघाया लागली. "सांगू का रं?"

"सांग की!"

मंग बापापासनं सुरू झाली ती थांबंना.

बाई म्हनल्या, "आधी का नाही सांगितलंत? या आजारात कातडीच्या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत. पिशवीच्या तोंडाशीही तसं होऊ शकतं, आणि तपासणीत ते कॅन्सरसारखं दिसतं. तरी तुकडा बघायलाच हवा."

तुकडा पुन्याला धाडताना त्यांनी कातड्याचं बी कळवलं. कॅन्सर न्हवता. कातड्याचाच परताप व्हता. तपासाया मातुर अधनंमधनं जायाचंच हाय.

पोराकडच्यांना काकीनं सोता जाऊन समदं सांगितलं. त्येंचा अजून सांगावा न्हाई. लेक भांडी घासाया वाकली की काकी तिच्या मानंकडं बघत ऱ्हाती, कुठं चिरलंय का म्हनून. ती अशी गप झाली की मला करमत न्हाई. म्हनून परवा म्हनलं, "काकी, मी संगं व्हतो म्हनून निभावलं बघ."

"तू व्हतास म्हनून तर तोंड शिवून बसले व्हते," काकी म्हनली.