पोरींचा बेसबॉल आणि गुरुवारची केबल

आमच्या पट्ट्यात रविवारला फारशी किंमत नाही. कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. नवरा चाकणच्या प्रेसशॉपमध्ये लागला तेव्हापासून आमच्या घरचं मटण, पाहुणे, केस कापणं आणि भांडणं हे सगळं गुरुवारीच होतं. म्हणून पुनावळ्याच्या केबलवाल्या चाचांनी पोरींची बेसबॉलची मॅच दर गुरुवारी दाखवायचं ठरवलं, तेव्हा आम्हाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. घरोघरी बाप्ये मोकळे, टीव्ही चालू, आणखी काय पाहिजे?

बेसबॉल आमच्यात आला तो सरांमुळे. सर देहूरोडच्या लष्करी कारखान्यातून निवृत्त झालेले, तरुणपणी राज्याकडून खेळलेले. घरी बसलो तर बायको भाजी निवडायला लावेल या धास्तीनं त्यांनी हायवेलगतच्या एका मोकळ्या प्लॉटवर पोरी गोळा केल्या, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायचे आणि ते नाकारायचे नाहीत. माझी लेक तेव्हा सहावीत होती. ती कॅचर झाली, म्हणजे तोंडाला जाळीचा मुखवटा लावून उकिडवी बसायची आणि येईल तो चेंडू अडवायची. बाकीच्या पोरींना पळायला आवडायचं, हिला अडवायला. आईवर गेलीय, असं सगळे म्हणायचे.

तो प्लॉट गावातल्या एका जमीनवाल्याचा. बिल्डरशी त्याचं दरावरून जमत नव्हतं, तोवर तो वर्षाच्या भाड्यानं द्यायचा. भाडं भरलं तर मैदान आमचं, नाही भरलं तर तिथे कंटेनर उभे राहणार, आणि मैदान गेलं की संघ गेला. सरांची पेन्शन त्याला पुरण्यासारखी नव्हती आणि आम्ही आया काही कुबेराच्या लेकी नव्हतो. सर त्यासाठीच चाचांकडे गेले.

चाचा गावचेच, तीन पिढ्या पुनावळ्यातल्या. भाड्यानं व्हिडिओ कॅसेट देण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. पुढे घरोघरी त्यांची केबल गेली आणि त्यांचं स्वतःचं एक चॅनेलही झालं. सकाळी आरत्या, दुपारी पाककृती, संध्याकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छा. खाली कायम एक पट्टी सरकत असायची, तिच्यात कुणाचा दशक्रिया विधी, कुणाची हरवलेली म्हैस, कुणाचं भाड्याचं खोली-किचन. सरांबरोबर आम्ही दोघी-तिघी आयाही त्यांच्या ऑफिसात गेलो होतो, मागे उभं राहून वजन पाडायला.

सर म्हणाले, “अमेरिकेत बेसबॉलचे संघ असेच चालतात. त्या त्या भागातलं चॅनेल संघाला पैसे देतं आणि मॅच दाखवतं. बघणारा असो की न बघणारा, केबलच्या बिलातून प्रत्येक जण थोडं थोडं देतो.”

“न बघणाऱ्याकडनंबी घ्यायचं?” चाचांनी विचारलं. “अन् तो वरडत न्हाई?”

“त्याला कळतच नाही.”

चाचा खुर्चीत मागे रेलून हसले. “मग जमंल की. आमी इतकी वर्सं आन् काय करतोय?”

असा करार झाला. प्रत्येक कनेक्शनमागे थोडा हिस्सा संघाला, शिवाय मॅचच्या मध्ये लागणाऱ्या जाहिरातींचे अर्धे पैसे. उरला प्रश्न समालोचनाचा. सर मैदानात असणार, चाचांना खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. तेव्हा माझ्या शेजारणीनं मला पुढे ढकललं. “हिला सांगा. ही रोज नळावर अख्ख्या गल्लीचं समालोचन करते.” मी नाही-नाही म्हणाले, पण तेवढ्यात माईक माझ्या हातात आला होता, आणि खरं सांगायचं तर मी तो सोडला नाही.

पहिला गुरुवार उजाडला. पोरींनी वेण्या घट्ट घातल्या होत्या. चाचांनी दोन कॅमेरे लावले, मी ठेवणीतली साडी नेसले आणि दुपारभर गळा फाडून बोलले. कोण कुठल्या बेसवर पोचली, कोण बाद झाली, कुणाच्या आईनं सकाळी किती पराठे बांधून दिलेत. मॅच संपवून घरी आले तर नवरा उघड्या अंगानं उंबऱ्यात पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेला. सकाळपासून लाइट नव्हती! या भागात गुरुवारी वीजवाले तारांची कामं काढतात आणि दिवसभर लाइट घालवतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत. कंपनीची सुट्टी सगळ्यांच्या ध्यानात होती, लाइटची कुणाच्याच नव्हती. चाचांच्या ऑफिसात जनरेटर चालू, म्हणून त्यांना चित्र झकास दिसत होतं. बाकी सगळ्या पुनावळ्यात टीव्ही काळे. मी दुपारभर चाचांशी एकट्याशी बोलत होते म्हणायचं.

मग मॅच दुपारी चित्रित करून संध्याकाळी लाइट आल्यावर दाखवायची पद्धत पडली, आणि ती अशी रुजली की सात वाजता गल्ली ओस पडायची. आमचा टीव्ही तर नळापर्यंत ऐकू यायचा. नवऱ्याचे कान प्रेसमशीननं खाल्लेत. दिवसभर पत्र्यावर तो दणका ऐकून त्याला साधं बोलणं नुसतं गुणगुणल्यासारखं लागतं. आवाज शेवटपर्यंत वाढवून तो टीव्हीच्या पुढ्यात मांडी घालून बसायचा. काय कळलं म्हणून विचारलं की म्हणायचा, “दिसली की पोरगी.”

ती वर्षं सुखाची होती. नवे ग्लोव्ह आले, कॅचरचा नवा मुखवटा आला, सरावानंतर पोरींना दूध आणि अंडी मिळू लागली. राज्य स्पर्धेला जायला बस ठरली, तेव्हा आम्ही आयांनी तिला हार घातला. एका फरशीवाल्यानं बघितलं की कॅमेरा सारखा कॅचरवरच असतो, तर त्यानं जादा पैसे देऊन आपलं नाव तिच्या छातीच्या पॅडवर लिहून घेतलं. माझी लेक दोन वर्षं बाथरूमच्या टाइल्स छातीवर मिरवत उकिडवी बसली. शाळेत पोरं चिडवायची. ती म्हणायची, “तुमच्या शर्टवर कुणी एक रुपया तरी देतं का?”

मग आमच्या चाळीभोवती टॉवर उठले. त्यात राहायला आलेल्या जोडप्यांना केबल नकोच होती, त्यांना इंटरनेट पाहिजे. हळूहळू आमच्या गल्लीतही फोन टीव्हीपेक्षा मोठा झाला. फरशीवाला आपली जाहिरात फोनवर घेऊन गेला. सरांनीही फोनवरून मॅच दाखवून बघितली. बघणारे पूर्वीपेक्षा वाढले, कुणाच्या तरी दुबईच्या मामानं टाळ्या पाठवल्या, पण पैसा काही आला नाही. उलट उरलेसुरले केबलवालेही विचारू लागले, फोनवर फुकट दिसतंय तर बिल कशाला? सरांनी मुकाट्यानं ते बंद केलं. तिकडं अमेरिकेतही लोक केबल तोडायला लागलेत आणि संघांची तोंडं सुकलीत, असं ते म्हणाले. मला त्या अमेरिकावाल्यांची पहिल्यांदाच कीव आली.

चाचा एकदा सरावाला येऊन बाकावर बसले. “ताई,” ते म्हणाले, “केबलवर न बघणाराबी पैसे द्यायचा. फोनवर बघणाराबी देत न्हाई. मी काय करू? औंदा कसंबसं हाय. कनेक्शनं आजून गळाली तर फुडल्या साली मैदानाचं भाडं माझ्याच्यानं न्हाई व्हायचं.” पलीकडे माझी लेक मुखवटा वर सरकवून पाणी पीत होती. ती दहावीला गेली होती आणि पुढच्या वर्षी राज्याच्या निवडीला बसणार होती.

नेमका त्याच सुमारास आमचा टीव्ही पडला. नवरा भिंतीवर सरळ करायला गेला आणि तो हातातून निसटला. लेकीच्या क्लासची फी डोक्यावर होती, त्यामुळे नवा घ्यायचा विषयच नव्हता. भिंतीवर नुसता लोखंडी स्टँड राहिला, त्यावर मी त्याचा टॉवेल वाळत घालू लागले. केबल तोडून टाकू या का, असं मी घाबरत घाबरत त्याच्या कानाशी विचारलं. तो म्हणाला, “ऱ्हाऊ दे.” मला बरं वाटलं. बाप लेकीचं मैदान सांभाळतोय, असं मनाशी म्हटलं आणि त्या दिवशी त्याला भाकरीवर जास्तीचं तूप वाढलं.

केबलचे पैसे न्यायला आता चाचा स्वतःच फिरायचे. माणूस ठेवणं परवडत नव्हतं. एका गुरुवारी ते आले, चहाला टेकले, आणि त्यांची नजर त्या टॉवेलवर गेली.

“टीव्ही कुठंय?”

नवरा म्हणाला, “दुरुस्तीला टाकलाय.”

“कुणाकडं? हितं टीव्ही दुरुस्त करणारा एकच, माझा मेव्हणा. त्याच्याकडं तर न्हाई.”

नवऱ्याला ऐकू गेलं नाही. चाचांनी दुसऱ्यांदा विचारलं, मग तिसऱ्यांदा. त्याला खरंच ऐकू आलं नाही की तो सोंग घेत होता, हे मला आजही सांगता येणार नाही. मग चाचांनी चहा संपवला, पैसे घेतले आणि गेले.

पुढच्या गुरुवारी उन्हं कलल्यावर ते आपल्या ऑफिसातला टीव्ही रिक्षात घालून घेऊन आले. स्टँडवरचा टॉवेल त्यांनी नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि स्वतः टीव्ही बसवला. मी नको म्हणत होते.

“पैसे भरणाऱ्याला बघायला मिळालं पायजे, ताई,” ते म्हणाले. “अन् आसली घरं लई निघाली. कुणाचा बॉक्स कपाटावर, कुणाचा माळ्यावर. कुणी बघत न्हाई अन् कनेक्शन कुणी तोडत न्हाई. मी आपलं गप पैसे घेतो. बस अन् अंडी काय जमायचं न्हाई आता, पर मैदानाचं भाडं निघंल. कंटेनरवाल्याला सांगून आलोय, दुसरीकडं बघ म्हनून.”

लेक आतून धावत आली आणि एकदम त्यांच्या पाया पडली. ते गडबडून मागे सरकले. “आगं, आगं, काय करती,” म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग सात वाजायच्या आत पोचायचंय म्हणून घाईनं निघून गेले.

सात वाजता मॅच लागली. नवऱ्यानं सवयीनं आवाज वाढवला आणि मांडी घातली. मी भाकरी थापत होते. थोड्या वेळानं मला त्याचा आवाज ऐकू आला. तो अडखळत, एकेक शब्द सुटा करून काहीतरी वाचत होता. मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. खालच्या पट्टीवर त्या दिवशी ना दशक्रिया विधी होता ना म्हैस. तिथे माझं समालोचन सरकत होतं. चाचांनी ऑफिसातल्या मुलीला बसवून माझा शब्द न् शब्द टाइप करून घेतला होता.

“कॅचर आज... जरा मागं बसलीय,” नवरा वाचत होता. “गुडघा दुखतोय तिचा. ती सांगणार नाही. पण मी तिची आई आहे.” तो लेकीकडे वळला. “गुडगा दुकतो व्हय गं?”

लेकीनं मान डोलावली, आणि त्यानं तिचा पाय ओढून आपल्या मांडीवर घेतला. मग माझ्याकडे बघत राहिला.

“एवढं बोलतीस व्हय तू?” तो म्हणाला. “मला वाटायचं नुसती वरडतीस.”

इतक्या वर्षांत त्याला माझं एक अक्षर कळलेलं नव्हतं. तरी तो दर गुरुवारी समोर बसला होता, आणि टीव्ही नसतानाही केबलचं बिल भरत होता. मी त्याच्या कानाशी वाकून विचारलं, “अहो, मग भिंतीवर टीव्ही नसताना केबल कशाला ठेवलीत? पोरीच्या मैदानासाठीच ना?”

मला दोनदा विचारावं लागलं.

“पोरगी कुटंबी खेळंल,” पट्टीवरची नजर न काढता तो म्हणाला. “तू कुटं बोलशील?”

मला रडू फुटलं, अगदी मोठ्यानं, नळावरही ऐकू जाईल असं. लेक म्हणाली, “आई, गप ना. बाबा वाचतायत.”