आमचं टेपर मारणारं लेथ

आमच्या शेडमध्ये कोणीही आलं, की चहा उकळेपर्यंत लेथचा एक किस्सा व्हायचा आणि कप खाली ठेवेपर्यंत दुसरा. आता तर अशी गत झालीय, की जे त्या साली जन्मलेसुद्धा नव्हते, ते येऊन मलाच सांगतात, "काकू, तुम्हाला माहितीये का, तुमच्या लेथचं काय झालं होतं?" अरे बाबांनो, मी तिथंच होते! भाकरी थापता थापता सगळं बघत होते. तेव्हा गप बसा आणि माझ्याकडून ऐका.

*

बहात्तरचा दुष्काळ. काष्टीच्या अलीकडं आमचं गाव. प्यायच्या पाण्याची एकच विहीर उरलेली, आणि तीही सुरुंग लावून इतकी खोल नेलेली, की पोहरा सोडायला दोर पुरायचा नाही. सगळी भिस्त इंजिनावर आणि पंपावर. त्या पंपाचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरणारा दांडा, झिजून खिळखिळा झालेला. नवा करून घ्यावा, तर नगर म्हणा, दौंड म्हणा, जिथं लेथ तिथं गावोगावच्या पंपांची रांग. शाफ्ट तुटला की गाव उठणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आमच्या ह्यांची, गाव ह्यांना नाना म्हणायचं, इंजिन दुरुस्तीची शेड होती, पण लोखंड कातायचं लेथ नव्हतं. अशात हे घोडेगावच्या बाजारात बैल विकायला गेले, कारण वैरणच उरली नव्हती. परत आले ते ट्रकमध्ये बसून. मागं ताडपत्रीखाली इंग्रजांच्या काळातलं गंजकं लेथ! नगरला भंगाराच्या लिलावात मिळालं म्हणे.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, त्यांनी ट्रकभोवती एक फेरी मारली.

"ह्याला वैरण लागती का?"

"न्हाई, आई."

"मग राहू दे!"

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि बैलांच्या रिकाम्या दावणीपाशी कितीतरी वेळ बसून राहिल्या. मला भारी वाईट वाटलं.

*

लेथ नीट करायला आणि चालवायला नगरहून युसूफभाई टर्नर आले. माणूस काटकुळा, पण जीभ अशी की घासलेट परवडलं! लेथचा लांब सपाट भाग असतो ना, त्याला बेड म्हणतात. त्याच्यावरचा गंज त्यांनी घासून घासून काढला. त्या बेडवर कोणी नुसतं बोट टेकवलं तरी त्यांच्या कपाळाला आठी.

एकदा दुष्काळी कामावरचे एक साहेब शेड बघायला आले. मी चहा दिला. साहेबांनी बोलता बोलता कप बेडवर ठेवला.

युसूफभाई अगदी अदबीनं म्हणाले, "साहेब, टोपी जरा काढता का?"

"का हो?"

"कप तुमच्या डोक्यावर ठेवतो. तिथं गंज धरत न्हाई!"

साहेबांनी चहा उभ्यानंच संपवला.

*

लेथ पहिल्यांदा सुरू केलं, तो दिवस आठवला की अजून अंगावर काटा येतो. इंजिनावरून वरच्या पुलीला वळसा घालून लांब चामडी पट्टा यायचा आणि लेथ फिरवायचा. हे कौतुकानं जवळ वाकले आणि ह्यांच्या धोतराचा सोगा पट्ट्यात गेला! युसूफभाईंनी लाकडाचा दांडा मारून पट्टा उडवला म्हणून हे वाचले. धोतर मात्र वर पुलीवर गरागरा फिरत राहिलं.

मी किंचाळत धावले. हे लंगोटावर उभे, आणि विचारतायत, "युसूफभाई, मशीनला काय झालं न्हाई ना?"

दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्यासाठी हाफ पँट शिवायला टाकली.

*

आता खरी पंचाईत पुढं. युसूफभाईंनी शाफ्ट कापला, तर एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. ह्याला टर्नर लोक टेपर म्हणतात. असा शाफ्ट पंपात बसणार कसा? त्यांनी सगळं खोलून, जुळवून पुन्हा सरळ केलं. चार दिवस भंगाराच्या तुकड्यांवर माप बरोबर यायचं, पण चांगली सळई लावली की पुन्हा टेपर! एक सळई वाया गेली, दुसरी गेली. पुण्याहून आणलेल्या चांगल्या पोलादाची एकच उरली.

विहिरीवरचं इंजिन अण्णा चालवायचे. ते रोज संध्याकाळी पंपावर हात ठेवून यायचे आणि तापल्या पोराचं सांगावं तसं सांगायचे, "नाना, आज थरथर लई वाढली."

गावात कुजबुज सुरू झाली, की टर्नरचा हातच वाकडा. काय लागलं असेल हो त्या माणसाला! जेवण तुटलं त्यांचं. आत्याबाईंना वाटलं, मशीनला दृष्ट लागली. त्यांनी लिंबू-मिरची बांधली, ती नेमकी बेडच्या वर.

युसूफभाई ओरडले, "आई, लिंबू बांधा, माझ्या गळ्यात बांधा! पण हितं नको. आंबट पानी गळलं की गंज!"

*

आमच्या गल्लीतली गोजराबाई, घरात पाच लेकरं आणि एक म्हातारा. रोज घागर घेऊन शेडच्या दारात थांबायची. "झालं का तुमच्या लोखंडाचं?"

नाही म्हटलं की सुरू! "बैल इकून ही धोंड आनली! आमची लेकरं काय हिला चाटत्याल का?"

हे मान खाली घालून नट आवळायचे पाने पुसत बसायचे. मलाच एकदा राहवलं नाही. म्हटलं, "गोजराबाई, तोंड आवरा!" ती म्हणाली, "तोंड कोरडंच हाय, आवरायचं काय त्यात?"

*

एका सकाळी इंजिनाचा आवाज बंद झाला. शाफ्ट तुटला होता. घरोघर रांजणात असेल तेवढंच पाणी.

युसूफभाईंच्या हातातून पाना निसटला, लेथच्या मागच्या पायाशी पडला आणि दिसेनासा झाला! हात घातला, तर कोपरापर्यंत आत. काळी माती ती. सिमेंट कुठलं मिळायला, आम्ही मातीवर नुसत्या फरश्या टाकून लेथ उभं केलेलं. उन्हानं फरशीखाली ही मोठी भेग पडलेली. माती रोज सुकत होती, तो पाय रोज खचत होता आणि लेथ पीळ खात होतं.

"नाना," युसूफभाई जमिनीवर पालथे पडून रडायलाच लागले, "माझा हात सरळ हाय हो! जमीन वाकडी हाय!"

मग काय, पहारी आल्या. त्या पायाखाली मुरूम लागेपर्यंत खणलं, दुष्काळी कामावरचा मोठा दगड आणून बसवला. पायाखाली पत्र्याच्या पट्ट्या सारून भंगाराच्या तुकड्यावर माप जुळवलं. मग ती शेवटची सळई लावली. दारात सगळं गाव. कोणी खोकलं तरी युसूफभाई डोळे वटारायचे.

लेथ थांबलं. त्यांनी एक टोक मापलं, दुसरं मापलं, पुन्हा पहिलं मापलं.

अण्णांचा धीर सुटला. "आवो, बोला की!"

"काय बोलू? घिऊन जावा!"

*

संध्याकाळी इंजिन सुरू झालं. आम्ही शेडमध्ये नुसते बसून तो आवाज ऐकत होतो. घराला दोनच घागरी मिळायच्या, तेव्हा सगळ्या बाया भरून घरी गेल्या असतील असं वाटलं. तर दारात गोजराबाई, कमरेवर भरलेली घागर. कोणाला काही न विचारता आत आली, लेथला हात जोडले आणि घागर त्याच्या पायाशी ओतायला लागली. तिच्या मागं दुसरी बाई, तिच्या मागं तिसरी, रांग पार रस्त्यापर्यंत!

युसूफभाई ताडकन उठले. "आवो बाई, नको! ही माती पानी प्याली की फुगंल! एकच पाय दगडावर हाय, मशीन पुन्हा वाकडं व्हईल!"

गोजराबाईनं धार थांबवली नाही.

"व्हऊ दे. तुमी हाय की सरळ करायला!"

युसूफभाईंनी देवळात काढाव्यात तशा पायातल्या चपला काढल्या आणि बाजूला उभे राहिले.