मापाला दिलेला शर्ट

आसाराम टेलर कुणाबरोबर लग्नाचा बस्ता बांधायला निघालेला दिसला की गेवराईतले कापड-दुकानदार त्याला आधी चहा पाजायचे. प्रेमापोटी नव्हे. तेवढा वेळ तरी त्याचा हात कापडाला लागू नये म्हणून.

हात लागला की संपलं. थानाचं टोक तो मुठीत चुरगळायचा, मूठ दाबून धरून दुकानदाराच्या घरादाराची खुशाली विचारायचा आणि मग सावकाश मूठ उघडायचा. सुरकुत्या आपोआप विरल्या तर ठीक, राहिल्या तर नुसतं "हं" म्हणायचा. मग किनारीचा एक धागा ओढून त्याला काडी लावायचा. जळक्या केसांचा वास आला तर लोकर, वितळून गोळी झाली तर टेरिलीन. "शेठ, तुमी लोकर म्हनून सांगितलं. मेंढरू कुटं हाय ह्याच्यात?" असं भर दुकानात विचारायला तो मागेपुढे पाहत नसे. भावाचंही तसंच. "भाव कापडाचा सांगा, आरशाचा नगं," असं तो म्हणायचा. मोठ्या दुकानात मोठे आरसे असतात, गिऱ्हाईक त्यात स्वतःवरच भाळतं आणि दुकानदार त्याचे पैसे लावतो, असं त्याचं पक्कं मत होतं.

औरंगाबादेत एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली तो शिकला होता. त्या उस्तादानं निजामाच्या अंमलदारांच्या शेरवान्या शिवलेल्या. तिथून आसारामनं एक गोष्ट आणली, ती म्हणजे मापाचं वेड. कापड भारी असो की हलकं, खांद्याची शिवण हाडावर बसली नाही तर सगळं मातेरं. कॉलर मानेला चिकटून हवी, कोटाच्या बाहीखाली शर्टाचा कफ बोटभर दिसला पाहिजे. आणि पँट उभ्यानं घालून बघणाऱ्या माणसाला तो वेड्यात काढायचा. "लग्नात मानूस बसूनच आस्तो. बसून बगा," म्हणायचा. त्याची बायको कौशल्याबाई शेजारी बसून काज करायची, तुरपाई करायची. स्टँडाजवळच्या त्या पत्र्याच्या खोलीत शिवलेला कोट घालून लोक औरंगाबादला जात आणि तिथले टेलर विचारत, कुणी बेतला हा?

हे सगळं मी इतकं बारकाईनं सांगतो आहे, कारण या माणसाचं वाटोळं मी केलं. दुष्काळानं केलं असं म्हणण्याची सोय आहे, आणि बरीच वर्षं मी तसं म्हणतही आलो.

माझं लग्न दुष्काळाच्या आधीच ठरलं होतं. मी मॅट्रिक पास, अंगानं बरा भरलेला. मुलीचे वडील मोहनराव गेवराईचे, एका सहकारी खरेदी-विक्री संघाचे संचालक. जावयाला संघात चिकटवायचं त्यांनी मनात धरलं होतं आणि आमच्या घरी ते सगळ्यांना माहीत होतं. मग बाहत्तर साल आलं. विहिरी आटल्या, जनावरं गेली आणि गावाच्या कडेला पाझर तलावाचं काम निघालं. मी आणि माझी आई, सरूबाई, दोघंही तिथं खडी फोडायला जाऊ लागलो. खडी सगळं गावच फोडत होतं, त्यात लाज कसली? पण आईनं व्याह्यांकडे निरोप धाडला होता की पोरगा कामावर हजेरी मांडतो. हजेरी मांडणारा वेगळाच होता. मी त्याच्या वहीतलं एक नाव होतो.

लग्न त्र्याहत्तरच्या वैशाखात धरलं. आमच्याकडे नवरदेवाचा सूट मुलीकडचे करतात, आणि लग्नाआधी नवरदेवानं सासरच्या गावात फिरकायचं नाही, म्हणून मापाला एक शर्ट आणि एक पँट पाठवतात. मोहनरावांचा माणूस ते न्यायला आला, तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. दोन्ही शर्ट खांद्यावर विरलेले, एकाला पाठीवर आईनं धोतराचं ठिगळ लावलेलं. असलं कापड सासरी कसं पाठवायचं? मी शेजारच्या बद्रीनाथ मास्तराचे कपडे मागून आणले. मास्तर पगारदार, दुष्काळातही अंगानं जसाच्या तसा. शर्टाच्या खिशाला लाल शाईचा ठिपका होता. आईनं तो राखेनं घासला, पण निघाला नाही.

कपडे आसारामकडे गेले. त्याच्यासाठी तो नुसता एक सूट नव्हता. दुष्काळात कोण नवं शिवतो? त्याचं मशीन दिवस दिवस झाकलेलं असायचं. पण संघाच्या गोदामात सरकारी मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, पोती येऊन पडू लागली होती, रखवालदार वाढले होते, हमाल वाढले होते. त्या सगळ्यांचे खाकी गणवेश शिवायचं काम मोहनरावांनी त्याला तोंडी कबूल केलं होतं. त्यावर त्याचं दुकान पाऊस येईपर्यंत तगणार होतं. मोहनरावांनी एवढंच म्हटलं होतं की आधी जावयाचा सूट बघू, मग बोलू.

शर्ट हातात आला तरी आसारामचं मन मानेना. एक दिवस भर उन्हात सहा कोस सायकल मारत तो आमच्या गावी आला. मी नेमका कामावरून भाकरी खायला घरी आलो होतो. दारात सायकल टेकलेली ऐकली, गळ्यात टेप अडकवलेला माणूस पाहिला आणि मी आतल्या खोलीत पळालो. खोलीला दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता.

"माय, पोराला एकडाव उभं करा," बाहेरून आवाज आला. "दोन मिन्टाचं काम हाय."

"त्यो बीडला गेलाय," आई म्हणाली. "हजेरीचे कागद घिऊन, मोट्या सायबाकडं."

"कवा येईल?"

"काई नेम न्हाई बगा."

आईनं दिलेल्या तांब्यातलं अर्धं पाणी तो प्यायला आणि अर्धं परत केलं. तेव्हा पाहुणे तसंच करायचे. मग म्हणाला, "ह्यो शर्ट पोराचाच हाय ना?"

"मग कुनाचा आसंल?" आई म्हणाली.

मी पडद्यामागे उभा होतो. हाताला फोड, अंगावर ठिगळाचा शर्ट. बाहेर आलो असतो तर त्यानं टेप लावला असता आणि गप्प राहिला असता, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, हा गेवराईत जाऊन सांगेल, लग्न मोडेल, नोकरी जाईल. दोन मिनिटांचं काम होतं, आणि मी ते केलं नाही. सायकल निघून गेल्यावर आई माझ्याकडे न बघता चुलीकडे वळली.

लग्नाच्या दिवशी मी तो कोट अंगात घातला आणि खांदे दोन्ही बाजूंनी खाली लोंबले. बाह्या बोटांपर्यंत आल्या. पँट करगोट्यानं आवळली तरी मागे पोतं झालं. मांडवात कुणीतरी ओरडलं, "कोटात नवरदेव शोधा बे!" आणि सगळं वऱ्हाड हसलं. मोहनरावांचा चेहरा तांबडालाल. आसाराम मांडवातच होता, स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या शर्टात.

"ह्याला माप म्हंतोस व्हय?" मोहनराव भर मांडवात कडाडले. "माझ्या जावयाचं सोंग केलंस तू!"

आसारामनं माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बुटांकडे बघितलं.

"चूक झाली, मालक," तो म्हणाला. "नजरेनं दगा दिला."

मग त्यानं कौशल्याबाईला हाक मारली. तिनं बांगडीला लावलेल्या सेफ्टी पिना काढून दिल्या, आणि आसारामनं माझ्या मागे उभं राहून पाठीवरचं कापड चुण्या घालून आवळलं. त्याची बोटं माझ्या पाठीच्या कण्याला लागत होती. पुढून कोट ताठ दिसू लागला. फोटो पुढूनच काढला, चांगला आला. तो आजही आमच्या बैठकीत आहे आणि पाहुणे म्हणतात, काय रुबाब होता हो तुमचा.

महिन्याभरात मी संघात कारकून झालो. पहिल्याच आठवड्यात एक पत्र लिहायला माझ्याकडे आलं: गणवेश शिवण्याचे काम बीड येथील अमुक टेलरला देण्यात येत आहे. पेन उचलून मी थोडा वेळ थांबलो, हे खरं आहे. मोहनरावांच्या खोलीचं दार उघडं होतं, आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी पत्र लिहिलं. माझं अक्षर फार सुरेख आहे असं मोहनराव म्हणाले, आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मी अजून विसरलेलो नाही.

आसारामचं दुकान पावसाआधीच बंद झालं. जावयाच्या लग्नात सोंग करणारा टेलर म्हणून त्याच्याकडे उरलीसुरली गिऱ्हाइकंही जाईनात. दिवाळीनंतर ऊसतोडीचे ट्रक निघाले, तेव्हा मी स्टँडावरच्या हॉटेलात बसलो होतो. ट्रकच्या फाळक्याशी आसाराम आणि कौशल्याबाई उभे होते. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. त्या गर्दीतसुद्धा त्याच्या शर्टाची कॉलर मानेला चिकटलेली होती. मी पेपर तोंडासमोर धरला आणि ट्रक जाईपर्यंत एकच बातमी वाचत राहिलो.

सहा हंगाम ते दोघं कारखान्यांच्या फडात गेले. सहाव्या हंगामात कोयता त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर बसला. बोट राहिलं, वाकायचं थांबलं. त्या बोटात सुई धरता येईना. परत आल्यावर मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, कोपऱ्याला बसून तो पँटी आखूड करून द्यायचा, चेन बदलून द्यायचा. खुणा तो करायचा आणि मशीन कौशल्याबाई चालवायची. जुनी माणसं मात्र बस्त्याला त्याला पुन्हा नेऊ लागली, आणि दुकानदार पुन्हा त्याला चहा पाजू लागले. मी मोंढ्यात जाताना दुसऱ्या गल्लीनं जायचो. वीस वर्षं मी ती दुसरी गल्ली वापरली.

नव्व्याण्णव साली माझ्या थोरल्याचं लग्न ठरलं. मोहनराव तोवर वारले होते. पोरगा पुण्यात नोकरीला, त्याला सूट तयार हवा होता, बीडच्या दुकानातून. मी आसारामकडे गेलो आणि कापड बघायला चला म्हणालो. का गेलो, सांगता येत नाही. "येतो की," एवढंच तो म्हणाला आणि चप्पल घातली.

दुकानात गार हवा होती, आरसे होते, चिठ्ठीवर छापलेला भाव होता. पोरानं चकचकीत काळा कोट निवडला. आसारामनं त्याची बाही उलटी केली, ते न वाकणारं बोट आत फिरवलं. "कापडाच्या आतलं बकरम चिकटवलंय, शिवलं न्हाई. दोनदा धुतला की छातीवर फुगं येतील." विकणारा तोंड वाकडं करून उभा राहिला. मग आसारामनं मागच्या रांगेतला एक राखाडी कोट काढला, बराच स्वस्त, मुठीत दाबला, सोडला. "ह्यो घ्या." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "पोराला उभं करा."

हेच शब्द मी गोणपाटाच्या पडद्यामागून ऐकले होते. पोरगा आरशासमोर उभा राहिला. आसारामनं त्याच्या दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवले, मग त्याला खुर्चीत बसवलं, पुन्हा उभं केलं. शिवण हाडावर होती.

पोरगा बिल करायला गेला आणि आम्ही दोघं बाहेर चहाच्या गाड्यावर बसलो. मी म्हणालो, "आसारामभाऊ, त्यो शर्ट माझा नव्हता."

"ठावं हाय," तो म्हणाला. "खिशाला लाल शाई व्हती. हजेरीवाला लाल शाई कावून वापरंल? मास्तर लोकाचं काम ते."

"त्या दिवशी मी घरातच..."

"पडद्याखाली पाय दिसत व्हते तुमचे. खडीच्या भुकटीनं पांढरेफट."

मी चहाचा कप खाली ठेवला. "मग मांडवात कावून बोलला न्हाईत?"

"काय बोलू? नवरदेव पडद्याआड दडला व्हता म्हनून सांगू?" तो शांतपणे म्हणाला. "पोरीचं लगीन व्हतं ते."

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो आपल्या बोटाकडे बघत होता. "मी कापताना खांद्याला दोन बोटं आत घेतलंच व्हतं. छातीला चार. पाय बगून म्हनलं, पोरगं खडीवर हाय, थोडं वाळलं आसंल. तरी ढगळ झाला." मान हलवून म्हणाला, "तुमी येवढे वाळला आसाल, हे काई माझ्या ध्यानात आलं न्हाई. चूक माझीच झाली राधाकिशनराव."

मी त्याचा हात धरला, आणि मला सगळ्या गाड्यासमोर रडू आलं. तो अवघडला. "च्या गार व्हतोय," म्हणाला.

घरी येऊन मी पेटीतून माझ्या लग्नातला तो निळा कोट काढला आणि आतली शिवण उसवली. मास्तराच्या मापाची खडूची एक रेघ होती, आणि तिच्या आत दोन बोटांवर दुसरी. उसवलेली शिवण मी पुन्हा घालून घेतली, कौशल्याबाईकडूनच. आता माझं अंग भरलंय. कोट मला अगदी बेतशीर बसतो. घालवत नाही.