लॅटिन सांगितलं, मराठी राहिलं

लिहिता-वाचता न येणाऱ्या एका बाईला मी 'अ‍ॅफिडेव्हिट' या शब्दाचं लॅटिन मूळ समजावून सांगितलं, आणि तिच्या अ‍ॅफिडेव्हिटात काय लिहिलंय ते सांगायचं राहून गेलं. राहून गेलं, असं मी नातवंडांना सांगते. खरं म्हणजे तो कंटाळा होता, आणि कंटाळ्याहून वाईटही काही होतं.

तेव्हा मी अलिबागला कोर्टाबाहेर टेबल टाकून टायपिंग करायची. वय बावीस, आणि वेगाचा ताठा असा की गिऱ्हाइकाचा चहा निवायच्या आत कागद हातात. त्यात आणखी एक रोग जडला होता. किहीमच्या एका बंगल्याची आवराआवर झाली तेव्हा रद्दीत मला जाडजूड इंग्रजी शब्दकोश मिळाला. प्रत्येक शब्दापुढे त्याचं गोत्र दिलेलं. दुपारी काम नसलं की मी तोच वाचत बसे. प्रॉमिस म्हणजे पुढे पाठवणं. व्होट आणि व्हाउ सख्खी भावंडं, दोघांचं मूळ नवस. डिक्लेअर म्हणजे लख्ख करणं. शेजारच्या टेबलावरचे काका लोकांना म्हणायचे, "तिच्याकडे द्या कागद, मंत्रासकट मिळेल." मला ते कौतुक वाटायचं. इतकी मी हुशार.

एके सकाळी पन्नाशीची एक विधवा बाई भावाबरोबर आली. किहीमला त्यांच्या वडिलांची नारळाची वाडी होती. वडील वारले होते आणि मुंबईचं कोणीतरी ती वाडी घेणार होतं. घेणाऱ्याच्या वकिलाने मसुदा इंग्रजीत करून पाठवलेला: वाडीवरचा आपला सगळा हक्क बहीण स्वखुशीने सोडते, भावाने विक्री करण्याला तिची हरकत नाही. मसुदा माझ्यापुढे ठेवून भाऊ स्टँपपेपर आणायला गेला. जाताना म्हणाला, "तिला नका काय विचारू, तिला सगलं म्हाईत हाय."

बाई माझ्या स्टुलावर बसली. पिशवीतून एक शहाळं काढून टेबलाखाली ठेवलं, माझ्यासाठी. मग आपणहून बोलू लागली. "आमच्या वाडीतलाच हाय. विहिरीजवलचे दोन माड बापानं मना दिलेत. सासरी आता माजा कोन न्हाय. म्हातारपनी तिथंच खोपटा बांधनार."

मी हे ऐकलं. भाऊ स्टँपपेपर देऊन कोर्टात नंबर लावायला गेला होता. त्या कागदावर मी नेमकी हक्क सोडल्याची ओळ टाइप करत होते तेव्हा तिचं हे बोलणं चाललं होतं. ओळ संपल्याची घंटी वाजली. मी दांडा ढकलला आणि पुढची ओळ सुरू केली.

तिने विचारलं, "बाय, ह्या कागदाला काय म्हन्तात?"

झालं. आमची बया, म्हणजे मी, फुलली.

"अ‍ॅफिडेव्हिट. लॅटिन शब्द आहे, मावशी. लॅटिन म्हणजे गोऱ्या साहेबांचं संस्कृतच समजा. त्यात 'फिदेस' आहे, म्हणजे विश्वास. आणि अख्ख्या शब्दाचा अर्थ, त्याने शपथेवर सांगितलं आहे. सांगेल असं नाही हां. सांगितलं आहे."

"म्हंजी मी तोंड उघडायचे आधीच माजा सांगून झाला?"

आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, काय चलाख बाई आहे. मग डिक्लेअरचं मूळ सांगितलं, प्रॉमिसचं सांगितलं. ती मान हलवत राहिली, कीर्तनात बसल्यासारखी.

कागदाच्या तळाशी एक ओळ असायची: मजकूर मराठीत वाचून दाखवला, समजावून दिला. तिच्याखाली सही माझी. ती ओळ मी दिवसातून वीसदा टाइप करायची आणि वीसदा सही ठोकायची. आत कोर्टात, ज्यांच्यापुढे शपथ व्हायची त्या साहेबांनी विचारलं, "समजावलंत ना यांना?" मी म्हणाले, "हो साहेब." बाईने अंगठा दिला, शाई केसांना पुसली आणि भावामागून निघून गेली. शहाळं मी दुपारी प्यायले. गोड होतं.

पावसाळा सरल्यावर ती एकटीच आली. वाडीला तारेचं कुंपण पडलं होतं. आतला माणूस तिला विहिरीपर्यंतही जाऊ देईना. कागदाची प्रत तिने माझ्यापुढे पसरली. "ह्यात माजे माड कुठं लिवलेत, दाकव."

त्या दिवशी मी तो कागद मराठीत वाचला. एकेक वाक्य. फार तर पाच मिनिटं लागली. लख्ख करणं म्हणजे काय, ते मला शब्दकोश न उघडता कळलं.

तळची ओळ आली तेव्हा मी अडखळले, पण वाचली. त्याच वेळी उठून साहेबांकडे जायला हवं होतं: ही सही माझी आहे आणि ती खोटी आहे. टेबल जाईल म्हणून मी उठले नाही. आज नातवंडांपुढे स्वतःची कितीही टर उडवली तरी ही जागा आली की माझी थट्टा आटते. त्या पोरीला मी बावळट म्हणते. भित्री म्हणायला हवं.

मी मान वर करेना, तेव्हा तिने कागदाची घडी घातली. चिडली नव्हती. म्हणाली, "बाय, तू त्या दिशी माज्याशी येवडी बोललीस, मना वाटला सगला सांगितलास."