हरणीच्या वाटचा घास

बकुळाबाईला माणसांचं भय कधी वाटलं नाही. सोनिवलीत तिच्या गोठ्याच्या तिन्ही अंगांनी टॉवर उभे राहिले, बिल्डरची माणसं आधी गोडीगुलाबीनं आली, मग डोळे वटारून आली. तिनं दोन्ही वेळा त्यांना शेणाच्या हातांनीच वाटेला लावलं. तिला भय होतं ते पितरांचं. नवरा जनू गेल्यापासून तर फारच. पितरं उपाशी परतली की घराचं वाटोळं होतं, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं.

जनूनं मागे ठेवल्या त्या कोकण कपिला जातीच्या गाई. बुटक्या, तांबूस, घट्ट खुरांच्या, डोंगर चढणाऱ्या, आणि दुधाला बेताच्या. म्हणून गावानं त्या विकून मोठ्या कासेच्या संकरित गाई आणल्या, आणि पुढे त्याही विकून फ्लॅट घेतले. बकुळाबाई हटली नाही. पंचक्रोशीत शुद्ध वाणाची गुरं उरली ती तिचीच, आणि त्यांत गाभण एकटी हरणी. तिला दाखवलेला मुरबाडकडचा वळू लंपीच्या साथीत गेला. त्याचा वंश आता हरणीच्या पोटात होता, दुसरीकडे कुठंच नाही.

सर्वपित्री अमावास्येला सकाळी बकुळाबाईनं जनूच्या नावाचं पान हरणीपुढे ठेवलं. भात, वडा, खीर. गाईनं तोंड लावलं तशी ती निवांत झाली. तोच शेजारच्या टॉवरमधली एक बाई ताट घेऊन आली. मग दुसरी. मग रांगच. तिथल्या विनीतनं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'शुद्ध कपिला गाय, आपल्या गेटबाहेरच!' कालपर्यंत शेणाच्या वासाची तक्रार करणारे आज हात जोडून उभे. जो तो म्हणे, एकच घास. एकाचा घास घेतला, तर दुसऱ्याच्या बापाला उपाशी कसं धाडायचं? बकुळाबाईच्या तोंडातून नकार फुटेना. आणि हरणी पुढ्यात येईल ते खात गेली, पुरणपोळ्या, भात, वडे, पुन्हा भात.

दुपारी ती रवंथ करेना. मान टाकून उभी राहिली. डावी कूस फुगून वर आली होती. बकुळाबाईनं थाप मारली, तर ढोलासारखी वाजली.

"अल्पेस, इकरं ये रं! हरनीला काय झायला बघ!"

तिचा लेक अल्पेश कंपनीतून सुट्टीवर होता. त्यानं गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते मोरिवलीत दुसऱ्या गोठ्यावर अडकले होते. "भातानं पोटात आंबलंय," ते म्हणाले. "खायचा सोडा पाण्यातून हळूहळू पाजा. तोंडात आडवी काठी बांधा, म्हणजे लाळ सुटेल. चालवत राहा, बसू देऊ नका. येतोच मी."

"आनि वासरू?" बकुळाबाई फोनवर ओरडली. "आठवा लागलाय तिला."

"आधी गाय वाचू द्या, आजी."

बकुळाबाईनं कडुलिंबाची काठी हरणीच्या तोंडात बांधली, बाटली लावली. घाईत निम्मा सोडा तिच्याच पदरावर सांडला. अल्पेश दावं धरून गाईला अंगणात फिरवू लागला. वर्षानुवर्षं 'ही गुरं विक' म्हणून आईच्या मागे लागलेला हा पोरगा, पण आता त्याच्याही तोंडचं पाणी पळालं होतं.

"आये, टेन्शन नको घेऊ," तो म्हणाला, आणि त्याचाच आवाज फाटला.

हरणीचे पुढचे पाय दुमडले की बकुळाबाई खांद्यानं तिला रेटून उभी करी. मेलेल्यांना भिऊन मी जित्या जिवाला मारलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

डॉक्टर आले, त्यांनी तोंडातून नळी घातली. आंबूस वाऱ्याचा भपकारा सुटला, आणि कूस खाली बसू लागली. इंजेक्शन देऊन ते म्हणाले, "गाय निभावेल. वासरू हलतंय का ते बघत राहा. हललं नाही तर फोन करा."

बकुळाबाईनं उजव्या कुशीवर तळवा ठेवला. काहीच नाही. ऊन उतरलं, अल्पेशनं दोनदा चहा आणून ठेवला, तो निवला. तळव्याखाली नुसता हरणीचा श्वास.

दिवेलागणीला फाटक वाजलं. विनीत. ऑफिसची बॅग खांद्याला, हातात डबा.

"मावशी, सॉरी, उशीर झाला. आईचा घास राहिलाय. एकच."

"नाय." दिवसभर न फुटलेला शब्द आता फुटला. "गाय मरता मरता राहिली, बाला. ती खानार नाय."

विनीत हरणीकडे बघतच राहिला. दुपारचं सगळं त्याला तिथंच कळलं. "मी तो मेसेज टाकायला नको होता," तो पुटपुटला. जायला वळला, पण पाय निघेना. "आई गेली तेव्हा मी दुबईत होतो, मावशी. शेवटचं पाणीसुद्धा..."

बकुळाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. परक्याच्या पितराचं अन्न खाल्लं तर ते पितर आपल्या घराला लागतं, हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. अंगावर सरसरून काटा आला.

"आन इकरं," ती म्हणाली. "हरनीच्या वाटचा मी खाते."

डावा तळवा कुशीवर तसाच ठेवून तिनं उजव्या हातानं भात उचलला. पहिला घास तिनं डोळे मिटून तोंडात घातला. दुसरा कसाबसा गिळला. तिसरा तोंडात असतानाच डाव्या तळव्याला आतून दणकन लाथ बसली.

ती दचकली. मग भरल्या तोंडानंच ढसाढसा रडू लागली. विनीत घाबरला. "मावशी, काय झालं? तिखट आहे का?"

तिनं मान हलवली, उरलेला भात संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि रिकामा डबा त्याच्यापुढे धरला.

"अजून हाय का रं? तुझ्या आईला पोटभर जेवू दे."